प्रोलॉगमधील टर्मची बाह्य डेटाबेसमध्ये साठवण व पुनर्प्राप्ती : ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर

सहायक प्राध्यापक, संगणकशास्त्र विभाग, देवळाली कॅम्प (जि. नाशिक)

सारांश

प्रोलॉग ही तर्कावर आधारलेली प्रोग्रामिंग भाषा आहे. तिच्यातील माहितीचा मूळ घटक म्हणजे टर्म. संगणक बंद झाल्यावरही माहिती टिकावी आणि ती स्मृतीत मावण्याइतकी लहान असण्याचे बंधन नसावे, यासाठी टर्म बाह्य डेटाबेसमध्ये ठेवाव्या लागतात. प्रस्तुत लेखात टर्म व तक्त्यातील ओळ यांच्या रचनेतील फरक, साठवणीच्या प्रमुख पद्धती, पुनर्प्राप्तीसाठी लागणारा इंडेक्स आणि देवनागरी मजकुरामुळे उद्भवणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले आहे. इंडेक्सने गरजेपेक्षा अधिक ओळी दिल्या तरी चालते, परंतु एकही जुळणारी ओळ गाळता कामा नये, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. प्रोलॉगमध्ये न सापडलेली गोष्ट असत्य मानली जात असल्याने साठवणीतील चूक ही तर्कातील चूक बनते.

बीजसंज्ञा : प्रोलॉग, टर्म, युनिफिकेशन, इंडेक्स, रिलेशनल डेटाबेस, देवनागरी, युनिकोड.

१. प्रस्तावना

प्रोलॉगच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला बहुतेक विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : प्रोग्राम चालू असताना ‘असर्ट’ या आज्ञेने जी माहिती भरली, ती प्रोग्राम बंद केल्यावर कोठे गेली? उत्तर सोपे आहे. ती संगणकाच्या स्मृतीत होती व स्मृतीबरोबर गेली. मग ती टिकवावी कशी, हा पुढचा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. वरवर पाहता तो केवळ फाईल लिहिण्याचा प्रश्न आहे. खोलवर पाहता तो दोन भिन्न विचारपद्धतींच्या सांध्याचा प्रश्न आहे.

या दोन्ही विचारपद्धती जवळपास एकाच काळात जन्मल्या. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले आणि माहितीला तक्त्यांचे रूप दिले. फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोलमेरोअर व फिलिप रूसेल यांनी १९७२ च्या सुमारास प्रोलॉग घडविली. तिच्यामागील तार्किक बैठक सिद्ध करण्यात रॉबर्ट कोवाल्स्की यांचा वाटा मोठा होता. कॉड यांच्यासमोर मोठ्या संस्थांच्या नोंदी होत्या, तर कोलमेरोअर यांच्यासमोर फ्रेंच भाषेतील वाक्ये होती. नोंदी सपाट असतात. वाक्यात वाक्य गुंतलेले असते. पुढील सर्व अडचणींचे मूळ या फरकात आहे.

विवेचनासाठी एक कल्पित परंतु आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतींचे नियम प्रोलॉगमध्ये नोंदविले आहेत. विद्यार्थी लहवित, अस्वली, घोटी अशा गावांतून रेल्वेने येतात. त्यांची गावे, शाखा, वर्ग यांच्या नोंदी आहेत, आणि कोणती सवलत कोणाला लागू आहे हे सांगणारी विधाने आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला सवलत आहे किंवा नाही, याचे उत्तर ही प्रणाली देते. हे उत्तर चुकले तर त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून साठवणीचा प्रश्न केवळ तांत्रिक मानून चालणार नाही.

२. टर्म आणि ओळ : रचनेतील फरक

प्रोलॉगमधील टर्म चार प्रकारची असते. पहिला प्रकार ॲटमचा, म्हणजे लहवित, शास्त्र, ग्रंथालय यांसारख्या अविभाज्य नावांचा. दुसरा प्रकार संख्येचा. तिसरा प्रकार चलाचा. गणितातील चलाप्रमाणे त्याची किंमत अद्याप ठरलेली नसते. चौथा प्रकार संयुक्त टर्मचा. तिला एक नाव, म्हणजे फंक्टर, आणि काही घटक असतात व प्रत्येक घटक ही पुन्हा एक टर्म असू शकते. उदाहरणार्थ :

प्रवेश(विद्यार्थी(१०१), वर्ग(शास्त्र, ३), पत्ता(गाव(लहवित), तालुका(नाशिक))).

सवलत(ग्रंथालय, विद्यार्थी(_क्रमांक), वर्ग(_शाखा, ३)).

पहिले विधान एका विद्यार्थ्याविषयी आहे. दुसरे विधान सांगते की, कोणत्याही शाखेच्या तिसऱ्या वर्षातील कोणत्याही विद्यार्थ्याला ग्रंथालयाची सवलत आहे. येथे ‘_क्रमांक’ व ‘_शाखा’ हे चल आहेत. रोमन लिपीत प्रोलॉगचा चल मोठ्या अक्षराने सुरू होतो. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने येथे चलाची सुरुवात अधोरेषेने केली आहे.

रिलेशनल तक्त्यातील ओळ याहून वेगळी असते. तिच्यात रकान्यांची संख्या ठरलेली असते आणि कॉड यांच्या पहिल्या सामान्य रूपाच्या अटीनुसार प्रत्येक रकान्यात एकच अविभाज्य किंमत असते. पत्त्याच्या आत गाव व तालुका अशी घडी तेथे घालता येत नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओळीत चल नसतो. ‘कोणतीही शाखा’ असे लिहिण्यासाठी तक्त्यात जागाच नाही. तेथे रिकामा रकाना, म्हणजे नल, असतो. परंतु नलचा अर्थ ‘माहीत नाही’ अथवा ‘लागू नाही’ असा होतो, तर चलाचा अर्थ ‘काहीही चालेल’ असा होतो. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत.

३. साठवणीच्या पद्धती

३.१ मजकूर म्हणून साठवण

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे टर्म जशी दिसते तशी मजकूर म्हणून फाईलमध्ये किंवा तक्त्याच्या एका रकान्यात लिहिणे व गरज पडेल तेव्हा पुन्हा वाचणे. लहान प्रणालींसाठी ती पुरेशी आहे. मात्र तीत काही खाचखळगे आहेत. देवळाली स्थानकाच्या पुढचे स्थानक नोंदवू :

लगतचे(देवळाली, 'नाशिक रोड').

‘नाशिक रोड’ या नावात मोकळी जागा आहे, म्हणून त्याभोवती अवतरणचिन्हे आवश्यक आहेत. प्रोलॉगची साधी ‘राईट’ ही आज्ञा माणसाने वाचण्यासाठी असल्याने ती ही चिन्हे गाळून टाकते. फाईलमध्ये ‘लगतचे(देवळाली,नाशिक रोड)’ असा मजकूर जातो व तो परत वाचताना वाक्यरचनेची चूक उद्भवते. ‘लगतचे(लहवित, देवळाली)’ ही नोंद मात्र निर्वेधपणे वाचली जाते. चूक काही नोंदींतच दिसते, म्हणून ती उशिरा लक्षात येते. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय प्रोलॉग प्रमाणकात ‘राईट-क्यू’ व ‘राईट-कॅनॉनिकल’ या आज्ञा आहेत. पहिली अवतरणचिन्हे राखते. दुसरी त्याशिवाय प्रोग्रामकर्त्याने ठरविलेली चिन्हरूप लेखनपद्धती टाळून टर्म मूळ फंक्टररूपात लिहिते. लिहिणारा व वाचणारा प्रोग्राम वेगळे असतील तर दुसरी आज्ञा वापरणे हिताचे असते.

चलांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. एकाच टर्ममध्ये एक चल दोनदा आला असेल तर वाचल्यानंतरही तो एकच चल राहतो. परंतु दोन वेगवेगळ्या टर्ममध्ये सामाईक असलेला चल स्वतंत्रपणे साठविला तर ते नाते तुटते; वाचताना दोन नवे, परस्परांशी असंबद्ध चल निर्माण होतात. नाते टिकवायचे असल्यास दोन्ही टर्म एका संयुक्त टर्ममध्ये गुंफून एकत्र साठवाव्या लागतात.

३.२ द्विमान रूपात साठवण

मजकूर पुन्हा वाचण्यात वेळ जातो. म्हणून काही प्रणाली टर्म तिच्या अंतर्गत द्विमान रूपात लिहितात. वाचन जलद होते. परंतु हे रूप त्या प्रणालीपुरते व अनेकदा तिच्या विशिष्ट आवृत्तीपुरते मर्यादित असते. दहा वर्षांनंतरही वाचता यावी अशी माहिती केवळ याच रूपात ठेवणे धोक्याचे आहे.

३.३ टर्मचे विघटन

तिसरी पद्धत टर्मला झाड मानते व प्रत्येक गाठीसाठी तक्त्यात एक ओळ लिहिते. त्या ओळीत गाठीचे नाव, घटकसंख्या, वरची गाठ व तिच्यातील स्थान यांची नोंद असते. वर दिलेल्या ग्रंथालय-सवलतीच्या टर्ममध्ये सवलत, ग्रंथालय, विद्यार्थी, _क्रमांक, वर्ग, _शाखा व ३ अशा सात गाठी आहेत; म्हणजे एका विधानासाठी सात ओळी. या पद्धतीत टर्मच्या कोणत्याही खोलीवर शोध घेता येतो, हा तिचा लाभ. परंतु मूळ टर्म परत उभी करण्यासाठी तक्ता स्वतःशीच वारंवार जोडावा लागतो. टर्म जितकी खोल, तितकी ही जोडणी महाग.

३.४ संमिश्र पद्धत

व्यवहारात टिकणारी पद्धत या दोहोंच्या मध्ये आहे. संपूर्ण टर्म एका रकान्यात अखंड ठेवावी आणि तिच्यातील निवडक भाग खुणा म्हणून वेगळ्या रकान्यांत काढून त्यांवर इंडेक्स करावा. आपल्या उदाहरणात फंक्टर ‘सवलत’, घटकसंख्या ३, पहिल्या घटकाची खूण ‘ग्रंथालय’, शाखेची खूण, वर्षाची खूण व शेवटी संपूर्ण मजकूर असे रकाने होतील. खुणा शोधासाठी असतात. सत्य मात्र अखंड टर्ममध्ये असते.

सिक्स्टस प्रोलॉगमधील बर्कले डीबीवर आधारलेले ग्रंथालय याच तत्त्वावर चालते. टर्म अखंड साठविली जाते आणि तिचा कोणता भाग इंडेक्ससाठी वापरावा व कोणता वगळावा हे प्रोग्रामकर्ता आधीच सांगतो. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये बर्कले डीबीचे व ओडीबीसीचे दुवे आहेत. त्याशिवाय तेथे ‘पर्सिस्टन्सी’ नावाचे ग्रंथालय आहे. ते प्रत्येक बदल एका फाईलमध्ये रोजकीर्दीप्रमाणे नोंदविते व प्रोग्राम सुरू होताना सर्व नोंदी पुन्हा स्मृतीत आणते. माहिती स्मृतीत मावत असेल तर महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी हा मार्ग सर्वांत सुलभ आहे.

४. पुनर्प्राप्ती : समानता नव्हे, जुळणी

डेटाबेसमध्ये शोध म्हणजे बहुधा समानतेची तपासणी असते : रकान्यातील किंमत व विचारलेली किंमत एकच आहे का? प्रोलॉगमध्ये शोध म्हणजे युनिफिकेशन. दोन टर्ममधील चलांना योग्य किमती देऊन त्या एकरूप करता येतील का, असा तो प्रश्न आहे. चल विचारणाऱ्याच्या बाजूला असू शकतो, साठविलेल्या विधानात असू शकतो किंवा दोन्हीकडे असू शकतो.

आता पुढील प्रश्न विचारू : सवलत(ग्रंथालय, विद्यार्थी(१०१), वर्ग(शास्त्र, ३)). स्मृतीतील प्रोलॉग ‘होय’ असे उत्तर देईल, कारण साठविलेल्या विधानातील _क्रमांक हा १०१ शी व _शाखा हा शास्त्र शी जुळतो. हीच विधाने आपण तक्त्यात ठेवली आणि _शाखा हा चल असल्याने शाखेचा रकाना नल ठेवला, असे समजा. शोधाची अट ‘शाखा = शास्त्र’ अशी लिहिली तर काय होईल? एसक्यूएलमध्ये नलशी केलेल्या तुलनेचे फलित सत्यही नसते व असत्यही नसते. ते अज्ञात असते, आणि अज्ञात फलिताची ओळ उत्तरातून वगळली जाते. म्हणजे जी ओळ सर्वांना लागू होती, नेमकी तीच कोणालाच सापडणार नाही. प्रणाली बंद पडणार नाही, चुकीचा संदेशही येणार नाही. उत्तर केवळ ‘नाही’ असे येईल.

उपाय अवघड नाही. प्रत्येक खुणेच्या रकान्यासाठी तीन शक्यता ध्यानात घ्याव्यात. विचारलेल्या टर्ममध्ये त्या जागी चल असेल तर त्या रकान्यावर कोणतीच अट घालू नये. विचारलेल्या टर्ममध्ये निश्चित किंमत असेल तर ती किंमत असलेल्या ओळी घ्याव्यात. आणि त्यांच्यासोबत, साठविलेल्या टर्ममध्ये त्या जागी चल असलेल्या सर्व ओळीही घ्याव्यात. चलाची खूण म्हणून नल न वापरता एखादे स्वतंत्र राखीव चिन्ह वापरले तर अर्थाचा गोंधळ टळतो आणि इंडेक्सही नीट काम करतो.

अशा रीतीने मिळालेल्या ओळी या केवळ उमेदवार असतात. त्यांतील काही अंतिमतः जुळणार नाहीत. समजा एक विधान ‘समकक्ष(_विषय, _विषय)’ असे आहे, म्हणजे प्रत्येक विषय स्वतःला समकक्ष आहे. ‘समकक्ष(गणित, भौतिकशास्त्र)’ असे विचारल्यास दोन्ही रकान्यांत चल असल्याने ही ओळ उमेदवार ठरेल. परंतु एकाच चलाला दोन भिन्न किमती देता येत नाहीत, म्हणून युनिफिकेशन तिला नाकारील. त्याचप्रमाणे खुणेसाठी हॅश वापरला तर दोन वेगळ्या टर्मचा हॅश योगायोगाने एकच येऊ शकतो. यातून हानी होत नाही. थोडे काम वाढते इतकेच. धान्य चाळताना चाळणीवर काही खडे राहिले तर ते हाताने वेचता येतात. चाळणीतून गळून गेलेला दाणा मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. इंडेक्स ही चाळणी आहे आणि युनिफिकेशन हे वेचणे आहे. अंतिम निर्णय नेहमी युनिफिकेशनचाच असला पाहिजे.

इंडेक्सची खोली किती असावी, याचे उत्तरही येथेच मिळते. खोल इंडेक्समुळे उमेदवार कमी होतात, परंतु प्रत्येक पायरीवर चलाची शक्यता हाताळावी लागते. ज्या घटकांवर वारंवार प्रश्न विचारले जातात व ज्यांत चल क्वचित येतो, ते घटक इंडेक्ससाठी निवडावेत.

५. कोरल प्रणालीचा अनुभव

तर्क व डेटाबेस यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांना दीर्घ परंपरा आहे. एर्व्हे गॅलेर व जॅक मिंकर यांनी संपादित केलेला ‘लॉजिक अँड डेटा बेसेस’ हा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला व या क्षेत्राला नाव मिळाले. महाराष्ट्रातही त्याचे पडसाद उमटले. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, ‘विद्वान’ हे नियमाधारित एक्स्पर्ट सिस्टिम रचण्याचे साधन विकसित झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ती कोरल ही प्रणाली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात रघू रामकृष्णन, दिवेश श्रीवास्तव व एस. सुदर्शन यांनी ती १९९०च्या दशकाच्या आरंभी उभारली. सुदर्शन पुढे आयआयटी मुंबई येथे प्राध्यापक झाले. सिल्बरशॅट्झ व कोर्थ यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हे पाठ्यपुस्तक आपल्याकडील संगणकशास्त्राच्या बहुतेक प्राध्यापकांच्या टेबलावर असते.

कोरलमध्ये चल असलेली विधाने स्मृतीतील संबंधांत ठेवता येत असत. त्यांच्या इंडेक्समध्ये निश्चित टर्मसाठी नेहमीचा हॅश वापरला जाई आणि चल असलेल्या सर्व टर्म एका विशेष खुणेखाली ठेवल्या जात. वर सुचविलेले राखीव चिन्ह हे याच कल्पनेचे रूप होय. टर्मच्या आतील विशिष्ट आकृतिबंधावर, उदाहरणार्थ पत्त्यातील केवळ गावावर, इंडेक्स करण्याचीही तेथे सोय होती. परंतु चकतीवर कायम राहणाऱ्या संबंधांसाठी एक्सोडस ही साठवणप्रणाली वापरली होती आणि तेथील ओळींत केवळ मूलभूत प्रकारच्या किमती ठेवण्याची मुभा होती. संयुक्त टर्म व चल यांना स्मृतीत जागा होती, चकतीवर नव्हती.

ही मर्यादा कर्त्यांच्या अज्ञानातून आलेली नव्हती. प्रश्नाच्या स्वरूपातून आलेली होती. आणि ती त्यांनी स्पष्टपणे नमूद केली होती, हे त्याहून महत्त्वाचे. जी प्रणाली आपली मर्यादा उघड सांगते, तिच्यावर विसंबून राहता येते. जी प्रणाली चल नल करून मुकाट्याने साठविते, ती अधिक सोयीची वाटली तरी कमी विश्वासार्ह असते.

६. देवनागरी मजकुराच्या विशेष अडचणी

आतापर्यंतची चर्चा कोणत्याही भाषेतील माहितीला लागू आहे. मराठी नावे साठविताना आणखी एक थर वाढतो. दोन ॲटम एकरूप ठरण्यासाठी त्यांतील वर्णसंकेतांची मालिका तंतोतंत सारखी असावी लागते. डोळ्यांना एकच दिसणारा मराठी शब्द मात्र एकाहून अधिक मालिकांनी लिहिता येतो.

‘वऱ्हाड’ हा शब्द पाहा. त्यातील ऱ हे युनिकोडमधील स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येते. साध्या र ला नुक्ता जोडूनही लिहिता येते. किंवा र, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक यांच्या साहाय्याने लिहिता येते. यांतील पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरे रूप प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहते, कारण जोडक हे स्वतंत्र अदृश्य चिन्ह आहे. ‘ॲडमिशन’मधील ॲ ची गोष्टही अशीच. हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या नोंदींत अ या अक्षरावर चंद्राची खूण जोडून हाच उच्चार दर्शविला जाई. ही दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाहीत. जुन्या व नव्या नोंदी एकत्र केल्यास अशा शब्दांची दोन कुळे तयार होतात.

अंकांचेही तसेच आहे. देवनागरी ३ व रोमन अंकातील तीन हे मजकूर म्हणून भिन्न आहेत. या लेखातील उदाहरणे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरी अंकांत छापली आहेत. प्रत्यक्ष प्रणालीत मात्र एकच अंकरूप ठरवून घ्यावे. तसेच परीक्षा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तो संख्या म्हणून साठविताच आरंभीचे शून्य लोपते. असा क्रमांक ॲटम म्हणून साठवावा.

यावर नियम एकच : टर्म साठविण्यापूर्वी व प्रश्न विचारण्यापूर्वी, दोन्ही वेळा, मजकूर एकाच शुद्धीकरणातून गेला पाहिजे. प्रमाणीकरण, जोडकयुक्त रूपाचे ऱ मध्ये रूपांतर, अ व चंद्र यांचे ॲ मध्ये रूपांतर आणि आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा काढणे, एवढ्या चार पायऱ्यांनी बहुतेक अडचणी दूर होतात. ‘देवळाली कॅम्प’ व ‘देवळाली कँप’ हा फरक मात्र वर्णसंकेतांचा नाही, लेखनाचा आहे. तो यंत्राने परस्पर पुसू नये. ‘पर्यायी_नाव’ अशा स्वतंत्र विधानांनी तो उघडपणे नोंदवावा.

७. क्रम, बदल आणि व्यवहार

तक्ता हा ओळींचा समुच्चय असतो; त्याला स्वतःचा क्रम नसतो. प्रोलॉग मात्र विधाने लिहिलेल्या क्रमाने वाचते. विशेष नियम आधी व सामान्य नियम नंतर लिहून मध्ये ‘कट’ वापरला असेल तर क्रम बदलताच अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक टर्मसोबत अनुक्रमांक साठवून त्याच क्रमाने ओळी मागवाव्यात.

दुसरी बाब मागे फिरण्याची. प्रोलॉगमध्ये एक वाट निष्फळ ठरली की चलांना दिलेल्या किमती आपोआप मागे घेतल्या जातात. डेटाबेसमध्ये केलेला बदल मात्र तसा मागे घेतला जात नाही. जुने विधान काढून नवे घालण्याच्या मध्येच प्रोग्राम थांबला, तर दोन्ही विधाने नसलेली अवस्था उरते. अशा जोडबदलांना डेटाबेसच्या व्यवहारात, म्हणजे ट्रॅन्झॅक्शनमध्ये, बांधणे आवश्यक आहे. तिसरी बाब अशी की, प्रोलॉग उत्तरे एकेक करून मागते. पहिले उत्तर मिळताच पुढची नको असल्यास डेटाबेसकडे उघडलेला कर्सर बंद करण्याची व्यवस्था प्रोग्राममध्ये असावी.

नियमही टर्मच असल्याने ते विधानांप्रमाणेच साठविता येतात, हा प्रोलॉगचा मोठा गुण आहे. परंतु साठविलेला नियम वाचून चालविणे म्हणजे डेटाबेसमधून आलेला प्रोग्राम चालविणे होय. तक्त्यात कोण लिहू शकतो यावर नियंत्रण नसेल तर असा नियम तपासल्याशिवाय चालवू नये.

८. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ काय?

आता या सर्व तपशिलांमागील मूळ प्रश्नाकडे वळू. १९७८ च्या ज्या ग्रंथाचा उल्लेख वर केला, त्यातच कीथ क्लार्क यांचा ‘नेगेशन ॲज फेल्युअर’ हा लेख व रेमंड रायटर यांचे बंदिस्त जगाच्या गृहीतकाविषयीचे विवेचन समाविष्ट आहे. जे सिद्ध होत नाही ते असत्य मानावे, असा त्यांचा गाभा आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात एखादी गाडी नसेल तर ती गाडी नाही असेच आपण समजतो. ‘ही गाडी नाही’ अशा नोंदी वेळापत्रकात वेगळ्या छापलेल्या नसतात. हे गृहीतक उपयुक्त आहे, पण त्यात एक अट दडलेली आहे : नोंदी पूर्ण असल्या पाहिजेत आणि असलेली नोंद सापडलीच पाहिजे.

आपल्या उदाहरणात पुढील नियम घालू :

शुल्क_देय(_क, _श, _व) :- प्रवेश(विद्यार्थी(_क), वर्ग(_श, _व), _पत्ता), \+ सवलत(ग्रंथालय, विद्यार्थी(_क), वर्ग(_श, _व)).

याचा अर्थ असा की, ज्या विद्यार्थ्याला सवलत असल्याचे सिद्ध होत नाही, त्याने ग्रंथालयाचे शुल्क भरावे. नल झालेल्या चलामुळे सवलतीचे विधान सापडले नाही, तर या नियमाच्या दृष्टीने ती सवलतच नाही. ‘सापडले नाही’ हे साठवणीच्या थरातील वाक्य तर्काच्या थरात येताना ‘नाही’ होते व पुढच्याच पायरीवर ‘शुल्क देय आहे’ असे ठाम होकारार्थी विधान बनते. यादीतील त्या ओळीकडे पाहून मूळ चूक एका रिकाम्या रकान्यात किंवा एका अदृश्य जोडकात होती, हे कोणालाही कळणार नाही. विद्यार्थ्याने विचारले तर खिडकीवरील कर्मचारी ‘संगणकात असेच आहे’ एवढेच सांगू शकेल.

म्हणूनच जादा ओळी येणे व ओळ गळणे या दोन चुकांना समान मानता येत नाही. पहिलीने वेळ खर्च होतो. दुसरीने निष्कर्ष खोटा ठरतो. चाचणीही त्यानुसारच घ्यावी. नमुन्याच्या काही टर्म स्मृतीत व डेटाबेसमध्ये अशा दोन्ही ठिकाणी ठेवाव्यात, दोन्हींना तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरांचे संच तंतोतंत जुळतात का ते पाहावे. नमुन्यात चल असलेली विधाने, दोनदा आलेला चल, मोकळी जागा असलेली नावे आणि ऱ व ॲ असलेले शब्द मुद्दाम घालावेत. ही चाचणी पदवी वर्गातील विद्यार्थीही एका प्रात्यक्षिकात पूर्ण करू शकतात.

९. निष्कर्ष

अ) टर्म व तक्त्यातील ओळ यांत घडणीचा व चलाचा असा दुहेरी फरक आहे; त्यांतील चलाचा फरक अधिक गंभीर आहे. नल हा चलाचा पर्याय नव्हे.

आ) बहुतेक उपयोगांसाठी संपूर्ण टर्म अखंड ठेवून निवडक खुणांवर इंडेक्स करण्याची संमिश्र पद्धत योग्य ठरते. टर्म अवतरणचिन्हांसह व प्रमाण फंक्टररूपात लिहावी.

इ) इंडेक्सने उमेदवार सुचवावेत, निर्णय युनिफिकेशनने करावा. चल असलेल्या साठविलेल्या टर्म प्रत्येक संबंधित शोधात उमेदवार म्हणून आल्याच पाहिजेत.

ई) देवनागरी मजकूर साठविताना व विचारताना एकाच शुद्धीकरणातून न्यावा, लेखनभेद स्वतंत्र विधानांनी नोंदवावेत.

उ) नकारावर आधारलेले नियम वापरणाऱ्या प्रणालीत स्मृती व डेटाबेस यांच्या उत्तरांची तुलनात्मक चाचणी अनिवार्य मानावी.

महाविद्यालयांतून प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती अशी अनेक कामे आज संगणकीय नियमांवर चालतात. ती प्रोलॉगमध्ये लिहिलेली असोत वा अन्य भाषेत, यादीत नाव नसणे म्हणजे हक्क नसणे असाच त्यांचा अर्थ लावला जातो. त्यामुळे ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या प्रत्येक प्रणालीला, तिने नीट शोधले होते काय, हे विचारण्याची सोय असली पाहिजे. संगणकशास्त्राच्या बाहेरील सहकाऱ्यांनीही हा प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.